गाडी निघालीये

अंबडला, मागच्या गल्लीत, आम्ही एक बुश बनवतो.
चौदा मिलिमीटर लांब, करंगळीच्या पेराएवढा.
नऊ वर्षं मी डिस्पॅच बघते,
पण तो गाडीत बसलेला एकदाही पाहिला नाही.
कोठावदे शेठ म्हणतात, दाराच्या आत असतो कुठेतरी;
काच वर जाताना जे ऐकू येत नाही
ते आपलं.

पूर्वी सव्वानऊला खैरनार साहेबांचा फोन यायचा, सातपूरहून.
"लाइन उभी राहील माझी! माल कुठाय?"
आणि मी, प्लेटिंगवरून अजून न आलेल्या क्रेटच्या
रिकाम्या जागेकडे बघत म्हणायचे,
निघालीये ना साहेब, गाडी निघालीये,
पपया नर्सरीच्या सिग्नलला असेल.
लतीफभाई तेव्हा समोरच्या टपरीवर
मिसळीत दुसऱ्यांदा रस्सा ओतून घेत असायचे.
त्या एका वाक्यात दोन तास मावायचे.
खैरनारांनाही ठाऊक होतं.
"बाई, तो सिग्नल काय परवापासून लालच आहे का?"
एवढं बोलून ते फोन ठेवायचे,
आणि त्यांच्या वरच्याला सांगायचे
गाडी निघालीये.

मग कुठल्यातरी बंदरात काहीतरी अडलं.
आमच्या वरच्यांच्या वरच्यांचे वरचे
(त्यांचं नाव घ्यायची आमच्यात पद्धत नाही)
एका सकाळी जागे झाले आणि त्यांना कळलं,
आपली साखळी कुठून सुरू होते
हे आपल्यालाच माहीत नाही.

तेव्हापासून स्क्रीन आली.
क्रेटवर काळ्या चौकटीचा ठसा, टेम्पोत डबी,
लतीफभाई निळा ठिपका झाले.
टपरीपाशी ठिपका चार मिनिटं थांबला
की माझ्याकडे विचारणा येते: कारण निवडा.
यादीत पूर आहे, संप आहे, अपघात आहे,
युद्धसुद्धा आहे.
मिसळ नाही.

खोटं नाही बोलणार, फायदा झाला.
पैसे पंचेचाळिसाव्या दिवशी येतात, पंचेचाळिसाव्याच.
शेठनी दुसरी सीएनसी घेतली.
खैरनारांची खुर्ची तेवढी कुणी भरली नाही.

या महिन्यात नवा तक्ता आला.
तुमचा माल कुणाच्या हातून जातो, खालपर्यंत लिहा.
नाव, पत्ता, अक्षांश, रेखांश.
पोलादवाला लिहिला. हीट ट्रीटमेंट लिहिली. प्लेटिंग लिहिलं.
मग राहिली चुंचाळ्याची निर्मला जगझाप,
जी ओट्यावर बसून, परातीत बुश घेऊन,
कानशीने एकेकाची बर काढते.
नगाला वीस पैसे.
मशीनला जी धार दिसत नाही
ती तिच्या अंगठ्याला कळते.

शेठ म्हणाले, राहू दे ती ओळ, ऑडिट लागेल.
मी सायंकाळी तिच्याकडे गेले.
मोबाइल ओट्यावर धरला, आकडे यायची वाट पाहिली.
"हे कशाला?"
म्हटलं, नकाशावर तुझा ठिपका येईल, तिकडे, परदेशात.
"मी दिसेन?"
नाही, नुसता ठिपका. माल वेळेत गेला तर हिरवा.
"आणि पोरगं आजारी असलं तर?"
लाल.
"मग फोन करतील?"

मी नाही म्हणाले.
लाल राहिला तर तेच दुसरा ठिपका शोधतील,
हे बोलले नाही.
तिने परात हलवली, एक नग उचलला,
अंगठा फिरवला, परत टाकला, पुन्हा उचलला.
"ताई, तो साहेब बरा होता.
तू सांगायचीस ना, शिव्या द्यायचा म्हणून."

रात्री अकरा वाजता तक्ता भरायची मुदत होती.
पावणेअकराला मी तिची ओळ उघडली.
आकडे मोबाइलमध्ये होते.
स्क्रीनवर खालच्या कोपऱ्यात
एक काटा गोल गोल फिरत होता,
आणि त्याखाली लिहिलेलं: आपण अजून आहात का?

मी म्हटलं, रिकाम्या ऑफिसात, मोठ्याने,
निघालीये, साहेब.
निघालीये.